रेडिओ रिसीव्हर संगणकाला जोडून डिजिटल संदेश वाचण्यासाठी तयार इंटरफेस (दोघांच्या मधली जोडणीची पेटी) घ्यावाच लागतो का?

नाही, घ्यावा लागत नाही. आपण लिहिले आहे की रिसीव्हरच्या हेडफोन जॅकमधून निघालेली वायर लॅपटॉपच्या माइक सॉकेटमध्ये घातली आहे, वॉटरफॉलवर (आवाजातले सूर रेषांच्या रूपात दाखवणाऱ्या चित्रावर) रेषा दिसतात, पण एकही ओळ नीट उमटत नाही, आणि जाणकार मंडळी आपल्याला महागडा इंटरफेस व चांगले साउंड कार्ड घ्यायला सांगत आहेत. हे वाचून मला राहवले नाही, कारण अशाच सल्ल्यापायी मी स्वतः पाच महिने अँटेनाच्या मागे घालवले आहेत.

मला त्या वेळी ५१८ किलोहर्ट्झवरचे नॅव्हटेक्स वाचायचे होते. जहाजांसाठीचे हवामानाचे आणि धोक्याचे इशारे त्यावर १०० बॉडच्या (सेकंदाला १०० चिन्हांच्या) वेगाने येतात, आणि प्रत्येक केंद्राला दर चार तासांनी जेमतेम दहा मिनिटे मिळतात. त्यामुळे एखादा बदल करून पाहायचा तर पुढच्या खेपेपर्यंत ताटकळावे लागे, आणि त्यासाठी मी कितीतरी रात्री गजर लावून उठलो आहे. या पद्धतीत प्रत्येक अक्षर दोनदा पाठवले जाते, म्हणजे थोडीफार खरखर असली तरी मजकूर हाती लागायला हवा. माझ्या पडद्यावर मात्र आरंभीचे ‘झेडसीझेडसी’ कधी उमटे, कधी नाही, आणि पुढे नुसता अक्षरांचा काला. या छंदातले माझे एक ज्येष्ठ स्नेही, ज्यांचा शब्द आमच्यात प्रमाण मानला जाई, त्यांनी निदान केले की अँटेना तोकडी आहे, आवाज पूर्ण वाढव, आणि तरीही जमले नाही तर तयार इंटरफेस घे. मी वायर लांबवली, उंच नेली, तिची दिशा बदलली. काला तसाच राहिला.

एका रात्री टेबल सरकवायचे म्हणून मी लॅपटॉपचा चार्जर काढला, आणि वॉटरफॉलची धुरकट पार्श्वभूमी क्षणात काळीभोर झाली. त्याच खेपेचा उरलेला मजकूर ओळीमागून ओळ उतरत गेला, थेट शेवटच्या ‘एनएनएनएन’पर्यंत. स्नेह्यांना सांगितले, तर ते म्हणाले, “टेबल सरकवताना अँटेनाची वायर हलली असणार.” म्हणून पुढच्या खेपेला मी अँटेनाला हातही न लावता दर दोन मिनिटांनी चार्जर लावत आणि काढत राहिलो. लावला की काला, काढला की मजकूर. यावर ते म्हणाले की मग लॅपटॉपच वाईट आहे.

लॅपटॉप वाईट नव्हता. स्विचिंग पद्धतीच्या, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करून चालणाऱ्या, चार्जरचा गोंगाट ऑडिओ वायरच्या शील्डवरून (तारेभोवतीच्या धातूच्या आवरणावरून) रिसीव्हरच्या अंगावर चढत होता आणि तिथून अँटेनाच्या परतीच्या वाटेने आत शिरत होता. अँटेना कितीही लांबवली तरी ही वाट बंद होणार नव्हती. मी एक जुना टेलिफोन मोडेम उघडून त्यातला ६०० ओहमचा १:१ ट्रान्सफॉर्मर काढला आणि तो मध्ये बसवला. तो आवाज पुढे नेतो, पण दोन्ही बाजूंचा तारेचा थेट संबंध तोडतो. दोन्ही बाजूंच्या शील्ड एकमेकींना जोडायच्या नाहीत, नाहीतर ट्रान्सफॉर्मर असून नसल्यासारखा. वायरवर फेराइटचा (चुंबकीय पदार्थाचा) तुकडा चढवला की उरलेसुरलेही बरेच कमी होते. पुढे स्नेह्यांनी स्वतःचा तयार इंटरफेस मला वापरायला दिला, तेव्हा मी त्यांच्या परवानगीने तो उघडला. आत तशाच आकाराचे दोन ट्रान्सफॉर्मर आणि पातळी कमीजास्त करायचे एक पोटेंशिओमीटर होते. त्यांनी झाकण लावून घेतले आणि विषय बदलला.

आता आवाजाबद्दल. माइकच्या सॉकेटला काही मिलिव्होल्ट पुरतात, आणि हेडफोन जॅक सहज व्होल्टाच्या घरात जातो. मध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर ओळीत आणि १०० ओहमचा आडवा (वायर आणि शील्डच्या मध्ये) टाकला की साधारण शंभरावा भाग पुढे जातो. आपल्या वॉटरफॉलवर ७०० हर्ट्झच्या ठळक रेषेबरोबर १४०० आणि २१०० वरही तिच्या सावल्या दिसत असतील, तर आवाज जास्त होऊन लाटेचे माथे छाटले जात आहेत असे खुशाल समजावे. तळाशी ५०-५० हर्ट्झच्या अंतराने पट्ट्या दिसत असतील, तर दोष अर्थ लूपचा, म्हणजे दोन्ही यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या विजेचा, आहे. एफटी८ या हौशी रेडिओवरच्या छोट्या संदेशांच्या पद्धतीमध्ये एकाच अडीच किलोहर्ट्झच्या पट्ट्यात डझनावारी स्टेशने एकावेळी बोलत असतात, तिथे एका दांडग्या सिग्नलने साउंड कार्ड भरून गेले की बारीक सिग्नल गडप होतात. आवाज मोठा म्हणजे डिकोड सोपे, हा समज सोडून द्यावा.

न्यायाने सांगायचे तर स्नेही सर्वस्वी चूक नव्हते. ते टेलिप्रिंटरच्या काळातले. त्या काळच्या आरटीटीवाय (रेडिओवरच्या टेलिप्रिंटर) डिमॉड्युलेटरमध्ये, म्हणजे सुरांतून संदेश काढणाऱ्या यंत्रात, बहुधा लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर छाटणारा भाग) असे. दोनच सूर आणि एकच स्टेशन, तेव्हा माथे छाटले गेले तरी बिघडत नसे. नॅव्हटेक्सलाही ते खपते. पण एफटी८साठी तोच नियम लावणे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही.

साउंड कार्ड कोणते घ्यावे, हे मी सांगितलेलेच नाही. कोणताही साधा यूएसबी ऑडिओ अडॅप्टर चालेल. ऑपरेटिंग सिस्टीममधली आवाज सुधारण्याची आणि गोंगाट दाबण्याची सगळी सोय मात्र बंद करावी, कारण स्थिर सुराला ती गोंगाटच समजते. एफटी८ वाचायचे असेल, तर संगणकाचे घड्याळ सेकंदाच्या आत बरोबर हवे. एफटी८चे चक्र १५ सेकंदांचे आहे. माइक सॉकेटवर बहुधा थोडे डीसी व्होल्टेज असते, म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या त्या बाजूला ओळीत १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालावा. आणि हे सारे शॉर्टवेव्ह-मध्यम लहरींवरच्या संथ पद्धतींपुरते आहे. जहाजांची ओळख आणि जागा कळवणाऱ्या एआयएससारखे ९६०० बॉडचे एफएम सिग्नल वाचायचे असतील, तर हेडफोन जॅकचा उपयोग नाही, कारण रिसीव्हरचे ऑडिओ फिल्टर ते आधीच कापून टाकतात आणि थेट डिस्क्रिमिनेटरपासून (एफएममधून मूळ संकेत काढणाऱ्या भागापासून) वायर काढावी लागते.