बेळगावात बाबा आयुष्यभर समितीचे, मी राष्ट्रीय पक्षाला मत देतो. घरातला वाद कसा मिटवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर शहापूरला, नोकरी बेंगळुरात, वय तिशीच्या आसपास. बाबा साठीच्या पुढचे, पहिल्यापासून महाराष्ट्र एकीकरण समितीचे, म्हणजे बेळगावचा सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणणाऱ्यांतले. गेल्या दोन विधानसभांना तुम्ही राष्ट्रीय पक्षाला मत दिलंत आणि एकदा जेवताना ते बोलून गेलात. तेव्हापासून सुट्टीला घरी आलात की वाद, आई मधे पडते, बाबा ताटावरून उठतात. 'त्यांना पटवू कसं?' असं विचारलंय तुम्ही.

पटवायचा नाद आधी सोडा. तुमच्या दोघांच्या डोक्यात प्रश्नच वेगवेगळे आहेत. बाबांचा प्रश्न, आपण कुठल्या राज्यात असायला हवं होतं? तुमचा प्रश्न, आज जिथं आहोत तिथला कारभार कुणी करावा? मतदान यंत्रावर दोन्ही प्रश्नांना मिळून बटण एकच दाबायचं असतं, भांडण तिथं होतं.

समितीच्या जुन्या मतदाराचं मत ही साक्ष असते. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलं आणि याच जिल्ह्यातला चंदगड तालुका कोल्हापूरला जोडला गेला. १९६६ साली सीमेचा वाद सोडवायला महाजन आयोग आला. १९६७ च्या अहवालात निपाणी, खानापूर महाराष्ट्राला द्या म्हटलं, बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच ठेवलं, आणि महाराष्ट्रानं तो अहवाल नाकारला. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, तो दावा अजून लोंबकळतोय. एवढ्या काळात साध्या माणसाच्या हातात काय होतं? दर निवडणुकीला समितीचा माणूस निवडून द्यायचा आणि 'आम्हाला विचारून हे झालेलं नाही' एवढं नोंदवायचं. आमदार बेंगळुरात जाऊन मंत्री होईल म्हणून कुणी ते मत देतच नव्हतं. २०१८ आणि २०२३ ला समितीचा एकही आमदार आला नाही. २०२१ ला महापालिकेची निवडणूक पक्षांच्या चिन्हांवर झाली आणि ५८ पैकी ३५ जागा भाजपला गेल्या. त्यामुळे तुमचं मत बाबांना 'पोराचा पक्ष वेगळा' असं दिसत नाही, घरातलाच साक्षीदार फुटल्यासारखं दिसतं. समितीतल्या गटबाजीचा त्यांनाही संताप असतो. पण तुमच्यासमोर तो कबूल केला तर तुम्ही जिंकलात असं होईल, म्हणून बोलत नाहीत.

तुमची बाजूही खोटी नाही. राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार घटनेच्या कलम ३ प्रमाणे संसदेला आहे, दावा न्यायालयात आहे, आणि रस्ता, पाणी, वॉर्डातली गटारं यांसाठी आजच लोकप्रतिनिधी लागतो. फक्त हे सगळं बाबांना तुमच्या आधीपासून माहीत आहे. इथंच बहुतेक मुलं चुकतात. वडिलांना माहिती कमी पडतेय असं समजून ती माहिती पुरवायला लागतात, आणि माणूस अपमान झाल्यासारखा गप्प बसतो.

मग बोलायचं कसं? पहिल्या खेपेला स्वतःचं मत अजिबात सांगायचं नाही, फक्त विचारायचं. बाबा साठीच्या पुढचे म्हणजे १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात ऐन विशीत होते. '८६ च्या जूनमधे तुम्ही कुठं होता, बाबा?' इथून सुरुवात करा. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर दरवर्षी १ जूनला ते का जातात, १७ जानेवारीच्या हुतात्मा दिनाला आजोबा काय सांगायचे, तेव्हा घरात कोण घाबरलं होतं, हे विचारा. ताटावर नको, टीव्हीवर बातम्या चालू असताना तर नकोच. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी शेजारी असताना, म्हणजे गाडीवरून जाताना नाहीतर चालताना, हे जास्त सोपं जातं. वीस मिनिटं पुरे. आवाज चढला तर 'चहा टाकतो, मग बोलू' म्हणून उठा आणि खरंच चहा घेऊन परत या. न बोलता उठून खोलीत जाणं आणि ताटावरून उठणं यात काही फरक नाही.

तीन वाक्यं तोंडातून जाऊ देऊ नका. 'त्यातून तुम्हाला मिळालं काय?', 'आता कोण विचारतंय त्याला?' आणि 'मग जावा की पुण्याला राहायला.' पहिल्या वाक्यानं त्यांची चाळीस वर्षं फुकट ठरतात, आणि तिसरं तर अगदी परक्या माणसाचं वाक्य आहे. तिकडून 'तू काय कन्नडिगांच्या बाजूनं बोलूलालास?' असं आलं, तर वाद न घालता एकच सांगा: 'सीमेबद्दल मी तुमच्या विरोधात नाही, बाबा. मत मी कारभारासाठी दिलं.' हे खरं असेल तरच म्हणा. शहर कर्नाटकातच राहावं असं मनापासून वाटत असेल, तर तेही एकदा, शांतपणे सांगा आणि तो विषय पुन्हा आपणहून काढू नका. गोड बोलून लपवलेलं मत पुढं एखाद्या लग्नात चुलत्यासमोर बाहेर पडतं, आणि ते जास्त लागतं.

समितीच्या जुन्या घरांत बऱ्याचदा एखादी फाइल नाहीतर पत्र्याची ट्रंक असते. पिवळी पडलेली कात्रणं, निवेदनाच्या प्रती, बंदचं पत्रक, एखादं समन्स, घडी घातलेली काळी फीत. ती बघायला मागा. मला विचाराल तर या सगळ्या उत्तरातलं सर्वात कामाचं हेच. एक दुपार काढा. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना आधी काढा, त्या गंजून कागद खातात. कागद खिडकीजवळ सपाट ठेवून, फ्लॅश बंद करून, वरून सरळ फोटो घ्या. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलनं साल आणि फोटोतल्या माणसांची नावं लिहा, बॉलपेन नको. लॅमिनेशन अजिबात करू नका. वर्तमानपत्राचा कागद आत जास्तच पिवळा पडतो आणि प्लॅस्टिक परत निघत नाही. दोन कागदांमधे साधा पांढरा कागद घालून सपाट डब्यात ठेवा. नावं सांगताना बाबा जे बोलतील ते त्यांना विचारून फोनवर रेकॉर्ड करा. मधेच 'पण आता...' असं म्हणू नका.

दोघांनी शेजारी बसायची दुसरी जागा कागदपत्रांची. जमिनीच्या नोंदी देणाऱ्या सरकारी भूमी केंद्रातून येणारा उतारा कन्नडमधे, विजेचं बिल कन्नडमधे. तुम्ही शाळेत कन्नड शिकलात, बाबांना अडखळत येतं. जन्मभर स्वाभिमानानं जगलेल्या माणसाला आपल्याच शेताचा कागद पोराकडून वाचून घ्यावा लागतो. घरातल्या रागाचा केवढा भाग तिथून येतो, ते वादात दिसत नाही. म्हणून 'द्या इकडं, तुम्हाला नाही कळायचं' असं करू नका. उताऱ्याची झेरॉक्स काढून शेजारी बसा आणि प्रत्येक रकान्यावर पेन्सिलनं मराठी लिहा: सर्व्हे नंबर, हिस्सा, क्षेत्र एकर-गुंठ्यात, मालकाचं नाव, कर्जाचा बोजा. एकदा असा नमुना झाला की पुढचा उतारा ते स्वतः ताडून बघू शकतात. नाव आधारवर एक आणि उताऱ्यावर दुसरं असं झालंय का तेही तेव्हाच बघा. वारसा नोंदीच्या वेळी तेच नडतं.

मराठीतून कागद मिळावेत ही मागणी तुम्हा दोघांनाही पटेल, त्यांना हक्क म्हणून, तुम्हाला सोय म्हणून. घटनेच्या कलम ३५० प्रमाणे तक्रारीचं निवेदन राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं. तेव्हा अर्ज मराठीत लिहा, वर ते कलम टाका, दोन प्रती न्या आणि एकीवर तारखेसह पोच घ्या. टेबलावरचा माणूस 'कन्नडमधे आणा' म्हणाला तर तिथं आवाज चढवू नका, नोंदणीकृत टपालानं पाठवा. मसुदा बाबांना करू द्या, त्यांच्या हाताला निवेदनाची सवय आहे. टाइप तुम्ही करा.

आता मताचं. यंत्राशेजारी कागदाची चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते. कुणाला मत दिलं हे बाबांनाच काय, कुणालाच कळू शकत नाही. म्हणून घरात सांगून टाका की इथून पुढं कुणी कुणाला विचारायचं नाही, आणि मीही बोलणार नाही. हे निवडणुकीच्या आठवड्यात सांगितलंत तर 'म्हणजे नक्की तिकडंच देणार' असा अर्थ निघतो, पाच-सहा महिने आधी सांगा. नाव कुठल्या यादीत आहे तेही बघून घ्या. दोन ठिकाणी नाव ठेवणं बेकायदा आहे, आणि नाव असायला हवं ते तुम्ही नेहमी राहता तिथं. बेंगळुरात कायमचे झाला असाल तर फॉर्म ८ भरून नाव हलवा. बाबांना मात्र ते तुमच्याकडूनच कळू दे, यादी बघून नको. बेळगावच्या यादीतून पोराचं नाव गेलं हे त्यांना फार लागेल.

समितीचा निषेधाचा काळा दिन आणि कर्नाटकचा स्थापना दिन, राज्योत्सव, एकाच तारखेला. १ नोव्हेंबरला घरी असाल तर आठ दिवस आधीच ठरवा की तुम्ही समितीच्या निषेध फेरीत जाणार की नाही, आणि सांगूनही टाका. सकाळी काळा शर्ट हातात घेऊन दारात उभे असलेल्या बाबांना 'नाही येत' म्हणणं सर्वात वाईट. जाणार नसाल तरी फेरी निघते त्या संभाजी उद्यानापर्यंत त्यांना सोडा, बीपीची गोळी आणि पाण्याची बाटली द्या, परत आणायला कुठं थांबायचं ते ठरवा. मिरवणुकांमुळे त्या दिवशी रस्ते अडलेले असतात आणि उन्हात पायपीट होते. तुमच्या ऑफिसच्या ग्रुपवर राज्योत्सवाच्या शुभेच्छा येतील. ऑफिसात द्या, पण स्टेटसवर ठेवू नका. ते स्टेटस गल्लीतला कुणीतरी बाबांना दाखवणारच.

व्हॉट्सअॅपबद्दल फार लिहीत नाही. घरच्या ग्रुपवर फक्त घरचं, दोन्ही बाजूंनी. ऐकलं नाही तर ग्रुप कायमचा म्यूट करून फोटोंसाठी वेगळा ग्रुप काढा. चुकीचा व्हिडिओ आला तर जावई-मेव्हण्यांसमोर 'हे खोटं आहे' लिहू नका, त्यांना एकट्याला फोन करून तारीख सांगा. डिसेंबर २०२२ मधे हिरेबागेवाडी टोलनाक्यावर ट्रकवर दगडफेक झाली, तसली जुनी दृश्यं 'आजची' म्हणून फिरवणं फार सोपं असतं.

आईला पोस्टमन करू नका. 'बाबांना सांग ना' म्हटलं की निरोप बदलून पोचतो आणि दोघांचा राग तिच्यावर निघतो. तिचं मतही कधीतरी एकटीला विचारा. तिनं कुणाला मत दिलं ते नाही, तिला काय वाटतं ते. बऱ्याच घरांत ते कुणी विचारलेलंच नसतं.

काही घरांत हे सगळं उलटं असतं, तेही इथंच लिहितो, कारण हा प्रश्न शोधत तीही मंडळी येतील. २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवाराला लाखावर मतं पडली होती. म्हणजे तरुण सगळे राष्ट्रीय पक्षांकडं गेले असं नाही. तिथं पोरगं कट्टर आणि वडील धास्तावलेले. वडील कर्नाटक सरकारच्या नोकरीत असतील किंवा दुकानाचं अर्धं गिऱ्हाईक कन्नड असेल, तर त्यांची भीती समजून घ्या. फेरीला जाणं वेगळं आणि दुसऱ्या भाषेच्या लोकांबद्दल द्वेष पसरवणारी पोस्ट टाकणं वेगळं. भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ भाषेवरून वैर पसरवण्यालाही लागतं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि गुन्हा नोंदला की पासपोर्टच्या पोलीस पडताळणीत तो समोर येतो. अशा वडिलांना 'भित्रे' म्हणू नका, पोस्ट टाकण्यापूर्वी ती त्यांना एकदा वाचायला द्या.

पुढंमागं तुमची मुलं शाळेत घालायची वेळ येईल तेव्हा हाच वाद नव्यानं उभा राहील. तेव्हा एक गोष्ट माहीत असू दे. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी प्रवेशात वादग्रस्त सीमाभागात राहणाऱ्या, तिथूनच दहावी किंवा बारावी झालेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी वेगळी पात्रता आहे. बेंगळुरात शिकलेल्या मुलाला ती मिळत नाही. शाळेचं ठरवताना बाबांना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या, फॉर्म भरून झाल्यावर नको.

या दिवाळीला घरी जाल तेव्हा एवढ्यातलं एकच करा, ट्रंक उघडायला सांगा. मऊ पेन्सिल आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा बरोबर न्या.