ग्रीन बे पॅकर्स ड्राफ्टमध्ये कोणाला निवडतील, याचा अंदाज बांधण्याची काही पद्धत आहे का?

तुम्ही विचारले आहे की, दर वर्षी एप्रिलमध्ये जाणकार मंडळी ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघासाठी एखादे नाव छातीठोकपणे सांगतात आणि प्रत्यक्षात संघ भलत्याच खेळाडूला घेतो, तर मग या अंदाजाला काही पद्धत आहे की तो निव्वळ नशिबाचा भाग आहे? मी विस्कॉन्सिनमध्ये, म्हणजे ग्रीन बे ज्या अमेरिकी राज्यात आहे तिथेच, राहतो आणि या संघाच्या निवडींचा पाठपुरावा मनापासून करतो. त्या आधारावर सांगतो की पद्धत आहे, मात्र तिच्यात महाविद्यालयीन खेळाडूंपेक्षा निवडणाऱ्या माणसांचा अभ्यास अधिक करावा लागतो. यंदा संघात कोणती जागा रिकामी आहे, एवढ्यावरच बहुतेक जण अंदाज बांधतात आणि तिथेच त्यांची गल्लत होते.

ज्यांना आयपीएलचा लिलाव परिचित आहे त्यांच्यासाठी आधी थोडे स्पष्टीकरण देतो. एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, बोली नसते. ३२ संघ ७ फेऱ्यांमध्ये पाळीपाळीने महाविद्यालयातून येणारे खेळाडू निवडतात, आदल्या हंगामात सर्वांत वाईट कामगिरी केलेल्या संघाला पहिली पाळी मिळते आणि सुपर बोल हा अंतिम सामना जिंकणारा संघ शेवटी येतो. पाळीचा हा हक्क संघ आपापसांत विकत-बदलत असतात. २०११ पासून नवख्यांचे वेतन त्यांच्या निवडीच्या क्रमांकावरून जवळजवळ ठरून गेलेले असते. त्यामुळे पैशाचा हिशेब मागे पडतो आणि दोनच गोष्टी निर्णायक ठरतात : आपली पाळी येईपर्यंत कोण शिल्लक राहतो आणि राहिलेल्यांपैकी संघाला कोण हवा असतो.

हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण २०२२ चे आहे. त्या मार्चमध्ये पॅकर्सनी आपला सर्वोत्तम वाइड रिसीव्हर (पुढे धावत जाऊन फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू) दावांते अॅडम्स लास वेगास रेडर्सना दिला आणि त्याच्या बदल्यात पहिल्या फेरीतली २२वी व दुसऱ्या फेरीतली ५३वी पाळी मिळवली. स्वतःची २८वी पाळी त्यांच्याकडे होतीच. रिसीव्हरची जागा उघडी पडली होती आणि पहिल्या फेरीत दोन हक्क हाती होते, त्यामुळे जवळपास प्रत्येकाने त्या दोनांपैकी एका पाळीवर रिसीव्हरचे नाव लिहिले. प्रत्यक्षात ८व्या क्रमांकावर ड्रेक लंडन गेला, मग गॅरेट विल्सन, ख्रिस ओलावे, जेमसन विल्यम्स, जहान डॉटसन आणि १८व्या क्रमांकावर ट्रेलॉन बर्क्स. म्हणजे पॅकर्सची पाळी येण्यापूर्वीच सहा रिसीव्हर संपले होते, आणि त्यांतल्या काहींसाठी इतर संघांनी सौदे करून पुढची पाळी विकत घेतली होती. पॅकर्सनी २२वर जॉर्जिया विद्यापीठाचा लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतला खेळाडू) क्वे वॉकर आणि २८वर त्याच विद्यापीठाचा बचावपटू डेव्हॉन्टे वायट घेतला. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी ५३वी आणि ५९वी अशा दोन पाळ्या मिनेसोटा वायकिंग्जना देऊन ३४वी पाळी मिळवली आणि नॉर्थ डकोटा स्टेटचा ख्रिश्चन वॉटसन घेतला. पाळ्यांच्या मूल्याचे एक जुने कोष्टक आहे, ते १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइज या संघाचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या काळात तयार झाले. त्यानुसार ३४व्या पाळीचे मोल ५६० गुण होते आणि पॅकर्सनी दिलेल्या दोन पाळ्यांचे मिळून ६८०. म्हणजे रिसीव्हर त्यांना हवाच होता, त्यासाठी त्यांनी चढी किंमतही मोजली. जागेचा अंदाज बरोबर होता, पण तिथवर कोण उरेल आणि कोणत्या किमतीला परवडेल, याचा विचार अंदाज बांधणाऱ्यांनी केला नव्हता.

म्हणून मी दोन प्रश्नांना वेगवेगळी उत्तरे लिहून त्यांचा गुणाकार करतो. समजा, एखादा खेळाडू २३व्या पाळीपर्यंत उरण्याची शक्यता ६० टक्के आहे आणि उरलाच तर पॅकर्सनी त्यालाच घेण्याची शक्यता २० टक्के आहे, तर एकूण शक्यता १२ टक्के होते. ज्या नावाबद्दल इतकी खात्री वाटत होती त्याचे प्रत्यक्षातले वजन एवढेच असते, हे कागदावर पाहिले की एकाच नावाचा हट्ट सुटतो आणि सात-आठ नावांची यादी करणे शहाणपणाचे वाटू लागते. पहिल्या प्रश्नासाठी वृत्तपत्रांतल्या आणि दूरचित्रवाणीवरच्या तज्ज्ञांच्या याद्या खरोखर उपयोगी आहेत, कारण पहिल्या फेरीत साधारण कोण जाणार, हे ते चांगले ओळखतात. कोणता खेळाडू कोणत्या संघाकडे जाणार, ही जोडी जुळवताना मात्र त्यांचीही दमछाक होते. त्यामुळे दुसऱ्या प्रश्नासाठी त्या याद्या बाजूला ठेवून संघाची वही, म्हणजे त्याच्या आजवरच्या निवडींची नोंद, उघडावी लागते.

पॅकर्सच्या बाबतीत ही वही इतर अनेक संघांपेक्षा अधिक भरवशाची आहे आणि त्याला कारण आहे. या संघाला एकच धनी नाही, पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत आणि ग्रीन बे हे लाखभर वस्तीचे शहर आहे. धनिकाच्या लहरीपायी ऐन वेळी नाव बदलण्याचा प्रकार इथे संभवत नाही, निर्णय जनरल मॅनेजरचा असतो. १९९१ मध्ये जनरल मॅनेजर म्हणून आलेल्या रॉन वूल्फ यांच्या हाताखाली टेड थॉम्पसन तयार झाले, त्यांनी २००५ ते २०१७ पर्यंत कारभार पाहिला आणि २०१८ पासून ब्रायन गुटेकन्स्ट आहेत, तेही वूल्फ यांच्याच काळात पॅकर्समध्ये स्काउट (खेळाडू हेरणारे) म्हणून रुजू झाले होते. मधली माइक शर्मन यांची काही वर्षे सोडली तर एकाच घराण्याची परंपरा चालत आली आहे, आणि परंपरा असली की सवयी ओळखता येतात.

गुटेकन्स्ट यांनी २०१८ ते २०२५ या काळात पहिल्या फेरीत दहा खेळाडू घेतले. त्यांतले सात बचावाचे आहेत : जायर अलेक्झांडर, रशान गॅरी, डार्नेल सॅव्हेज, एरिक स्टोक्स, क्वे वॉकर, डेव्हॉन्टे वायट आणि लुकस व्हॅन नेस. आक्रमणाचे तीन म्हणजे जॉर्डन लव्ह, जॉर्डन मॉर्गन आणि मॅथ्यू गोल्डन. युटा स्टेटचा लव्ह वगळता बाकी सर्व जण मोठ्या परिषदांमधल्या, म्हणजे महाविद्यालयीन स्पर्धेच्या बड्या गटांमधल्या, विद्यापीठांचे आहेत आणि तिघे एकट्या जॉर्जियाचे आहेत. बहुतेकांचे वय निवडीच्या वेळी २१ किंवा २२ होते. २४ वर्षांचा वायट हा ठळक अपवाद. चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक एकही नाही, अडवणे आणि झेलणे अशी दोन्ही कामे करणारा टाइट एंड एकही नाही. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की आकडेवारीपेक्षा अंगची क्षमता त्यांना अधिक मोलाची वाटते. गॅरीने मिशिगनमध्ये क्वार्टरबॅकला (आक्रमण चालवणाऱ्या, चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला) पाडण्याचे फार मोठे आकडे उभे केले नव्हते, पण सुमारे १२६ किलो वजन घेऊन तो ४० यार्ड ४.५८ सेकंदांत धावला होता. व्हॅन नेस तर आयोवाच्या संघात एकाही सामन्यात सुरुवातीच्या अकरांत नव्हता आणि तरीही २०२३ मध्ये तो १३व्या क्रमांकावर गेला. म्हणून फेब्रुवारीअखेर इंडियानापोलिसमध्ये होणाऱ्या कम्बाइन चाचण्यांचे आकडे मी सर्वांत काळजीने पाहतो. उंची, वजन, धाव आणि उड्या यांत जो सरासरीच्या खाली आहे, त्याचे नाव पहिल्या दोन फेऱ्यांसाठी पॅकर्सच्या यादीतून मी सरळ काढून टाकतो. नावे घालण्यापेक्षा नावे गाळणे हे या कामात अधिक फलदायी आहे, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी सवय आक्रमणाच्या ओळीतली आहे आणि ती तर जनरल मॅनेजर बदलले तरी टिकली. पॅकर्स महाविद्यालयात टॅकल (या ओळीच्या टोकाला उभा राहून प्रतिस्पर्ध्यांना अडवणारा) म्हणून खेळलेला माणूस घेतात आणि गरजेप्रमाणे त्याला आत गार्डच्या जागी आणतात. २००८ मध्ये चौथ्या फेरीत घेतलेला जॉश सिटन आणि २००९ मध्ये चौथ्याच फेरीतला टी. जे. लँग हे दोघेही मुळात टॅकल होते आणि पुढे लीगमधल्या उत्तम गार्डांत गणले गेले. डेव्हिड बाख्तियारी २०१३ मध्ये आणि झॅक टॉम २०२२ मध्ये चौथ्याच फेरीत आले, ते मात्र टॅकल म्हणूनच उभे राहिले. २०२४ च्या पहिल्या फेरीतला मॉर्गन आणि २०२५ च्या दुसऱ्या फेरीतला अँथनी बेल्टन हेही टॅकलच. त्यामुळे पॅकर्सना गार्डची गरज आहे अशी चर्चा सुरू झाली की मी गार्डांची नव्हे, टॅकलांची यादी काढतो, आणि ती विशेषतः तिसऱ्या-चौथ्या फेरीसाठी काढतो.

आता सवयीचीही मर्यादा सांगायला हवी, कारण तिथे पुष्कळ जण फसतात. २००२ मध्ये शर्मन यांच्या काळात जेव्हन वॉकर पहिल्या फेरीत आला, त्यानंतर २०२४ पर्यंत पॅकर्सनी पहिल्या फेरीत एकही रिसीव्हर घेतला नाही. यावरून हा संघ पहिल्या फेरीत रिसीव्हर घेतच नाही, असा जणू नियमच लोकांनी करून टाकला. पण त्या काळात दुसऱ्या फेरीत त्यांना ग्रेग जेनिंग्ज, जॉर्डी नेल्सन, रँडल कॉब आणि दावांते अॅडम्स मिळत गेले होते. ज्याची सोय दुसऱ्या फेरीत होते त्यासाठी पहिली फेरी खर्च करण्याचे कारणच नव्हते, त्यामुळे ही सवय नसून परिस्थितीचा परिणाम होता. २०२५ मध्ये परिस्थिती बदललेली होती. वॉटसनच्या गुडघ्याला जानेवारीत मोठी दुखापत झाली होती आणि त्याचा व दुसरा रिसीव्हर रोमिओ डब्सचा असे दोन्ही करार त्या हंगामाअखेर संपणार होते. त्या वर्षीचा ड्राफ्ट ग्रीन बेमध्येच भरला होता आणि घरच्या प्रेक्षकांसमोर २३व्या क्रमांकावर टेक्सासच्या मॅथ्यू गोल्डनचे नाव पुकारले गेले. तो २१ वर्षांचा होता, मोठ्या विद्यापीठातला होता आणि ४० यार्ड ४.२९ सेकंदांत धावला होता. खेळाडूच्या गुणांबाबतची सवय तंतोतंत पाळली गेली, मोडला तो केवळ लोकांनी रचलेला नियम.

याच उदाहरणात माझ्या पद्धतीचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे : यंदा कोण नाही हे पाहण्याऐवजी पुढच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी कोण नसेल, हे पाहावे. २००५ मध्ये ब्रेट फार्व्ह ३५ वर्षांचा होता आणि तोच क्वार्टरबॅक म्हणून खेळत होता, तरी २४व्या क्रमांकावर अॅरन रॉजर्स आला. २०२० मध्ये रॉजर्स ३६ वर्षांचा होता, संघ आदल्या हंगामात उपान्त्य टप्प्यापर्यंत पोहोचला होता, रिसीव्हरांचे पीक उत्तम आले होते आणि सगळ्यांचे डोळे तिकडेच होते. पॅकर्सनी मात्र ३०व्या पाळीवरून सौदा करून २६व्या पाळीवर उडी घेतली, क्वार्टरबॅक लव्हला घेतले आणि त्या संपूर्ण ड्राफ्टमध्ये एकही रिसीव्हर घेतला नाही. त्या रात्री इथले चाहते किती संतापले होते, हे मी जवळून पाहिले आहे. रॉजर्सने त्यानंतर सलग दोन वर्षे सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला, म्हणजे त्या वर्षीच्या गरजेच्या दृष्टीने चाहत्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण २०२३ मध्ये तो न्यूयॉर्क जेट्सकडे गेला तेव्हा त्याची जागा घ्यायला लव्ह तयार होता. कोणाचा करार कधी संपतो, याची माहिती सर्वांना खुली असते. ती समोर ठेवून मार्चअखेरपर्यंत थांबावे, कारण मार्चच्या मध्यात मुक्त, म्हणजे करार संपलेल्या, खेळाडूंचा बाजार उघडतो आणि तिथे भरून निघालेली जागा यादीत खाली सरकते.

भेटीगाठींच्या बातम्यांवर मात्र फार विसंबू नये. प्रत्येक संघाला ३० खेळाडूंना आपल्या मुख्यालयात बोलावता येते आणि ती नावे बाहेर येतात, पण पॅकर्स या भेटी बऱ्याचदा शेवटच्या फेऱ्यांतल्या किंवा वैद्यकीय तपासणी बाकी असलेल्या खेळाडूंसाठी वापरतात. एप्रिलमधल्या कुजबुजीला तर मी शून्य किंमत देतो, कारण त्या महिन्यात खरे बोलण्यात कोणत्याच संघाचे हित नसते.

शेवटी तुमच्या प्रश्नाला लागून एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये पॅकर्सनी बचावपटू मायका पार्सन्ससाठी डॅलसला आपला बचावपटू केनी क्लार्कसह २०२६ आणि २०२७ या दोन्ही वर्षांतले पहिल्या फेरीचे हक्क दिले. त्यामुळे या दोन ड्राफ्टपुरती, नवा सौदा होत नाही तोवर, दुसऱ्या फेरीपासून सुरुवात धरावी लागते. तिथे आधी पन्नासएक नावे निघून गेलेली असतात आणि नेमके नाव ओळखण्याची आशा धरू नये. त्याऐवजी जागा, वय आणि चाचण्यांचे आकडे यांची चौकट लिहून ठेवावी, तिच्यात बसणारी दहा-बारा नावे काढावी, आणि पॅकर्स ३४व्या पाळीसाठी झेपावले होते तसे वर सरकतील अशी एक शक्यता स्वतंत्रपणे नोंदवावी. तुमची यादी तयार झाली की इथेच लिहा. मी तिच्यातली कोणती नावे गाळीन आणि का गाळीन, ते कारणांसह सांगेन.