डबीतल्या चाळीस फ्लायपैकी वैनगंगेसाठी तीन

भाऊ, तुमच्या मामेभावानं पेनसिल्व्हेनियाहून बास माशासाठीच्या चाळीसेक फ्लाय, म्हणजे गळावर केस-पिसं बांधून केलेली खोटी आमिषं, पाठवल्या, त्यातल्या वैनगंगेत भरवशाच्या कोणत्या, असं तुम्ही विचारलंय. बास आपल्या नदीत नाही. पण दबा धरून झडप घालायची त्याची सवय आपल्या मरळीत पुरेपूर आहे. म्हणून त्यातल्या तीन इथं चालतात. फ्लाय रंगावरून निवडू नका. ती पाण्याच्या कोणत्या थरात चालते आणि तिथं मासा काय खातो, ते बघा.

पहिली क्लाउझर मिनो, डोक्याजवळ डंबेलसारखे दोन जड डोळे आहेत ती. बॉब क्लाउझर यांनी ती पेनसिल्व्हेनियातल्याच सस्क्वेहाना नदीतल्या स्मॉलमाउथ बाससाठी बांधली. त्या डोळ्यांच्या वजनानं फ्लाय उलटी होते, गळाचं टोक वर राहतं, आणि खडकात ती कमी अडकते. दोर ओढला की पुढं येते, थांबवला की डोकं खाली घालून बुडते. मासा बहुतेक त्या बुडण्यातच घेतो. संध्याकाळी डोहाच्या तोंडाशी शिंगाळाही हिला येतो. हरवली तर घरी बांधा: शेळीच्या शेपटीचे पांढरे केस आणि धातूच्या मण्यांच्या साखळीतले दोन मणी. मणी हलके असतात, पण कंबरभर पाण्याला पुरतात.

दुसरी काळी वुली बगर. रसेल ब्लेसिंग यांनी 1967 साली बांधलेली. झिंगा म्हणा, जळू म्हणा, तिची मऊ शेपटी सगळ्यांसारखी हलते. पाणी गढूळ असलं की काळीच घ्या, तिची आकृती उठून दिसते.

तिसरी पॉपर, पाण्यावर तरंगणारी आणि झटका दिला की आवाज करणारी, आणि मरळीसाठी माझा सगळा जीव हिच्यावर. मरळ हवेतला श्वास घेते, त्यामुळे तिला वर यावंच लागतं. पहाटे बेशरमीच्या झुडपांच्या कडेला उभे राहा, 'गुळुप' आवाज येईल, एक वलय उठेल. त्याच्या दोन हात पुढं पॉपर टाका आणि हात आवरा. पॉपरनं उठवलेली वलयं पूर्ण विरू द्या. मग एकच छोटा झटका, आणि पुन्हा थांबा. मागून पाणी फुगत येताना दिसेल. तिनं तोंड मारलं की मनात दोन अंक मोजून मगच काठी उचला. पहिली दोन वर्षं मी लगेच उचलायचो आणि रिकामी पॉपर परत यायची. गळापुढं तंगूसची (नायलॉनच्या दोरीची) कमान असलेली पॉपर असेल तर तीच निवडा, गवतात अडकत नाही. मरळीचे दात धारदार असतात, म्हणून दोराच्या टोकाला जाड तंगूसचा वीतभर तुकडा जोडा.

डबीतल्या बारीक, पाण्यावर तरंगणाऱ्या पिसांच्या फ्लाय मरळीसाठी नाहीत.

पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका दिसला तर तिथं काहीच टाकू नका. खाली आईबाप राखणीला असतात आणि पिल्लांजवळ येईल त्यावर तुटून पडतात. त्यांना उचललं तर तो सगळा पुंजका दुसऱ्या माशांच्या पोटात जातो. एवढं माझं मनापासून मागणं आहे.

आणि टाकण्याआधी तिथल्या मच्छीमार संस्थेला विचारून घ्या. सकाळी डोंगा घेऊन निघणारे ढिवर भेटले तर मरळ कोणत्या काठाला वर येतेय तेही विचारा. तुमची पॉपर त्यांनाही दाखवा.