भेटीला न्यायचा कुत्रा: आधी स्वभाव बघा

तुमच्या लॅब्रॅडॉरला सोलापुरातल्या वृद्धाश्रमात आजी-आजोबांच्या भेटीला न्यायचं म्हणता, पण तो आठ महिन्यांचाच आहे, तेव्हा घाई नको. वर्ष पूर्ण होऊ द्या. वृद्धाश्रमात कसरती दाखवायच्या नसतात. 'बस', 'थांब', 'सोड' एवढं पक्कं असलं की पुरे.

खरी कसोटी स्वभावाची. अनोळखी माणसाजवळ तो आपणहून जातो का? नुसता सहन करणारा कुत्रा या कामाचा नाही. घरीच बघा: स्टीलचं ताट पाडा, काठी टेकत चाला, कान-पंजे हाताळा. दचकला तरी चालेल, पण लगेच सावरायला हवा.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे शांत बसलेला कुत्रा खूश आहे असं समजणं. ओठ चाटणं, भूक-झोप नसताना जांभया, तोंड फिरवणं हे ताणाचे इशारे आहेत. दिसले की तिथेच भेट थांबवा. पहिल्या भेटी वीस मिनिटांच्याच ठेवा.

- रेबीजची लस, जंतनाशक वेळेवर, नखं कापलेली.
- कच्चं मांस देत असाल तर बंद करा, त्यातले जंतू आजारी माणसांपर्यंत जातात.
- सोलापूरचा उन्हाळा चाळिशीपार जातो, म्हणून सकाळी आठच्या आत जा. रस्त्यावर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवत नसेल, तर पंजेही भाजतात.

पलंगावर अंथरायला धुतलेली चादर सोबत असू द्या.