प्रमाण सोडा, आधी मॅलिक ॲसिड तपासा

तुमच्या रेड वाइनच्या ब्लेंडमध्ये (मिश्रणात) शिराज 60 टक्के, कॅबर्ने 40 टक्के, या दोन द्राक्षांच्या वाइनचं हे प्रमाण चुकलं का, असं तुम्ही विचारलंय. प्रमाणाचा काही दोष नाही. डिसेंबरात भरलेल्या बाटल्यांची बुचं मे महिन्यात वर सरकतायत, ग्लासच्या कडेला बारीक बुडबुडे, वास ताकासारखा आंबूस. नाशिकच्या दिंडोरी पट्ट्यात घरच्या बागेवर रेड वाइन करणाऱ्यांचं हे जुनंच दुखणं. हायड्रोमीटर (घनता मोजायची नळी) 0.995 दाखवतो म्हणून साखर संपली असं धरू नका, तीही लॅबमध्ये बघा. पण पहिला संशय मॅलिकवर, म्हणजे द्राक्षातल्या आंबट आम्लावर.

होतं काय, कॅबर्नेची मॅलोलॅक्टिक (जिवाणू मॅलिकचं सौम्य लॅक्टिक ॲसिड करतात ती क्रिया, त्यात गॅस निघतो) पूर्ण झालेली असते. शिराजची फेब्रुवारीच्या थंड रात्रींत टाकी गार पडली की अर्ध्यात अडकते. मग केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, जिवाणू रोखणारी सल्फरची पावडर) टाकून दोन्ही एकत्र करतात. केएमएसने जिवाणू दबतात, सगळे मरत नाहीत. फ्री सल्फर (वाइनमध्ये बांधला न गेलेला सल्फर डायऑक्साइड) उतरलं, गोदाम तापलं, की उरलेलं काम ते बाटलीत करतात.

लॅबचा रिपोर्ट ‘ओके’ होता म्हणता. त्यात टोटल ॲसिडिटी (एकूण आम्लता), व्होलाटाइल (उडून जाणारं आम्ल), अल्कोहोल आणि सल्फर असेल. मॅलिकचा रकाना आहे का बघा. काही लॅबना (नाव घेत नाही) फोन केला तर उत्तर येतं, ‘टोटल दिलीय ना!’ अहो, टोटलमध्ये टार्टरिक या दुसऱ्या आम्लाचा वाटा मोठा, त्यावरून मॅलिक कसं कळणार? पैसे मात्र पूर्ण घेतात. फॉर्मवर हाताने ‘एल-मॅलिक’ (द्राक्षातलं मॅलिक याच रूपात असतं) लिहा आणि दर टाकीचा नमुना वेगळा द्या, तोही ब्लेंड करायच्या आधी. लिटरला 0.1 ग्रॅमच्या वर असेल तर ती टाकी ब्लेंडमध्ये नकोच.

आता या मालाचं. थोड्याच बाटल्या असतील तर गार ठेवा आणि लवकर संपवा. लॉट मोठा असेल तर नायट्रोजनखाली (हवा लागू न देता) परत टाकीत घ्या, 20 अंशांच्या आसपास मॅलोलॅक्टिक पूर्ण होऊ द्या. फ्री सल्फर जास्त असेल तर ती आपसूक सुरू होणार नाही, जिवाणूंचं कल्चर घालावं लागेल, तेही काम करेलच याची खात्री नाही. संपल्यावर पीएच चढतो, म्हणून सल्फरचा हिशोब नव्याने करा: पीएच 3.5 ला फ्री सल्फर 25 पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) पुरतं, 3.8 ला जवळपास 50 लागतं. 225 लिटरच्या बॅरलमध्ये 30 पीपीएम वाढवायला केएमएस साधारण 12 ग्रॅम. त्यातला काही भाग बांधला जातो, तेव्हा दोन दिवसांनी पुन्हा मोजा. मग 0.45 मायक्रॉनचं फिल्टर आणि नवी बुचं.

ही सगळी कसरत प्रत्येक लॉटला परवडेलच असं नाही, आणि मी तुमची वाइन चाखलेली नाही, हेही खरं. बाटल्या उघडण्याआधी एक्साइजच्या नोंदवहीत काय लिहायचं ते मात्र विचारून घ्या.