समाजाचे भविष्य राजकारण ठरवते की विज्ञान-तंत्रज्ञान?

काय शक्य आहे हे विज्ञान-तंत्रज्ञान सांगते. त्यातले प्रत्यक्षात काय, कधी आणि कोणाच्या वाट्याला येईल हे मात्र बहुतांशी राजकारण ठरवते. फ्रिज आणि स्प्रेच्या डब्यांत वापरली जाणारी क्लोरोफ्लुरोकार्बन रसायने ओझोनचा थर नष्ट करू शकतात, असे मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी १९७४ मध्ये मांडले. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनची मोठी घट उघड झाली आणि दोनच वर्षांत माँट्रियल करार होऊन या रसायनांचे उत्पादन टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरले. याउलट, हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढल्यास पृथ्वीचे तापमान वाढेल, हे स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्येच आकडेमोड करून दाखवले होते, तरी ही तापमानवाढ रोखण्यासाठीचा पॅरिस करार व्हायला २०१५ साल उजाडले (आणि त्यातही उत्सर्जन किती कमी करायचे हे प्रत्येक देशाने स्वतःच ठरवायचे आहे). मात्र हा सारा फरक राजकीय इच्छाशक्तीचा मानता येणार नाही, कारण राजकारणाला किती वाव मिळेल हेही हाताशी असलेल्या तंत्रज्ञानावर अवलंबून असते: क्लोरोफ्लुरोकार्बन मोजक्याच कंपन्या बनवत होत्या व त्यांना पर्याय दृष्टिपथात होते, तर कोळसा आणि तेल यांवर वीज, वाहतूक, सिमेंट, पोलाद असे जवळजवळ सगळेच उभे होते.