ब्रेड पुडिंगला पाणी का सुटतं?

प्रश्न: ताई, रविवारी सकाळी आमच्याकडे पोहे-जिलबीच येते, त्यामुळे शनिवारी आणलेला ब्रेड हमखास उरतो. त्याचं मी अंडं घालून पुडिंग करते, कुकरची शिटी काढून मोठ्या गॅसवर चाळीस मिनिटं. वरून छान दिसतं पण ताटलीत उलटं केलं की चहूकडे पाणी, आत भोकं भोकं आणि अंड्याचा असा उग्र वास की मुलं नाक दाबून पळतात. तीनदा असंच झालंय. अंडी कमी पडतायत का?
– एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर: अंडी अजिबात वाढवू नका, उलट त्रास वाढेल. पाणी, भोकं आणि वास, या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे, आच जास्त झाली.

दूध-साखरेत मिसळलेलं अंडं साधारण ८० ते ८५ अंशाला घट्ट होतं. त्याच्या वर गेलं की ते आवळत जातं आणि धरून ठेवलेलं पाणी बाहेर टाकतं, पनीर दाबल्यावर पाणी निथळतं ना, अगदी तसं. आता कुकरचा विचार करा. आपलं इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, इथे पाणी ९८ अंशाला उकळतं, आणि फुल गॅसवर त्या वाफेत तुमचा डबा चाळीस मिनिटं बसलेला. कडेचं पुडिंग मधल्यापेक्षा कितीतरी आधी जास्त शिजतं. भोकं वाफेची, थोडी तुम्ही अंडं खूप फेटून फेस केला असेल त्याचीही. आणि तो वासही जास्त शिजलेल्या अंड्याचाच, उकडलेलं अंडं जास्त वेळ ठेवलं तर येतो तोच.

मी कसं करते ते सांगते. अर्धा लिटर दूध, तीन अंडी, सहा टेबलस्पून साखर, सहा स्लाइस ब्रेड. ब्रेड कालचाच हवा, ताजा असेल तर तव्यावर दोन्हीकडून कोरडा करून घ्या, नाहीतर दुधात त्याचा लगदा होतो. कडा मी काढत नाही, कॅरेमलमध्ये भिजलेली कड मला सगळ्यात आवडते. डब्यात वेगळी तीन चमचे साखर कोरडीच वितळवायची, रंग कोऱ्या चहासारखा झाला की लगेच उतरवून डबा फिरवायचा, त्याच्या पुढे गेली तर कडू. दूध कोमट, कढत नको. अंडी काट्याने फक्त मोडायची, फेटायची नाहीत, त्यात दूध-साखर घालून गाळणीतून गाळायचं, पांढऱ्याच्या त्या गाठी निघून जातात. वर जायफळ किसायचं. वेलची चालते पण जायफळ अंड्याच्या वासाशी जास्त चांगलं जुळतं असं माझं मत. मग ब्रेड घालून वीस मिनिटं भिजू द्या, इथे घाई केलीत तर मध्ये कोरडे तुकडे राहतात.

आता कुकर विसरा. एक पसरट पातेलं घ्या, तळाला जुन्या फडक्याची घडी, त्यावर डबा, आणि डब्याच्या निम्म्यापर्यंत गरम पाणी. डब्यावर घट्ट झाकण म्हणजे वाफेचे थेंब आत पडणार नाहीत, पातेल्याचं झाकण मात्र थोडं तिरकं. गॅस एकदम बारीक, पाणी खदखदायला नको, तळाशी बारीक बुडबुडे दिसले की पुरे. पाऊण तास लागेल, डबा उथळ असेल तर कमी. डबा हलवून बघा, कडा पक्क्या आणि मधला भाग ताज्या खरवसासारखा थरथरला की गॅस बंद करा, उरलेलं काम आतल्या उष्णतेने दहा मिनिटांत होतं. मधला भागही घट्ट होईपर्यंत थांबलात तर परत पाणी सुटणार हे नक्की. पूर्ण गार झाल्यावर, शक्यतो फ्रीजमध्ये चार-पाच तास ठेवून मग उलटं करा.

प्रश्न: आमच्या सासूबाई अंडं घरात आणू देत नाहीत म्हणून मी कस्टर्ड पावडरचं पुडिंग करते. तुम्ही मागे मंद आच लिहिलं होतं म्हणून दूध उकळू दिलं नाही, जरा दाटसर झाल्यावर उतरवलं. फ्रीजमध्ये ठेवलं तर सकाळी सगळं पातळ आणि तोंडात कच्च्या पिठाची चव. काय चुकलं?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर: चूक माझीच म्हणायची, तेव्हा मंद आच फक्त अंड्यासाठी आहे हे मी स्पष्ट लिहायला हवं होतं. कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यतः कॉर्नफ्लोअर, रंग आणि व्हॅनिला, त्यात अंडं नसतं. बर्मिंगहॅमच्या अल्फ्रेड बर्डनी १८३७ मध्ये ती काढली तीच बायकोला अंडं चालत नव्हतं म्हणून. तेव्हा सासूबाईंना पाकिटावरचा हिरवा ठिपका निश्चिंत दाखवा.

पण पिठाचं सगळं अंड्याच्या उलट असतं. अंडं उकळलं की बिघडतं आणि कॉर्नफ्लोअर उकळलं नाही तर बिघडतं. उकळी येऊन दोन मिनिटं सतत ढवळत शिजवल्याशिवाय त्याचा दाणा पूर्ण फुलत नाही, म्हणून ती कच्ची चव. अर्धा लिटर दुधाला चार सपाट टेबलस्पून पावडर, थोड्या गार दुधात कालवून, मगच उकळत्या दुधात.

आणि अजून एक विचारते, चाखलेला चमचा परत पातेल्यात घातला होतात का? लाळेतल्या एका एन्झाइममुळे पिठाचा दाटपणा मोडतो, रात्रभरात चांगलं घट्ट कस्टर्डसुद्धा पाण्यासारखं होऊ शकतं. चाखायला दरवेळी वेगळा चमचा घ्या. ब्रेड तुपावर भाजून थर लावा, वर गरम कस्टर्ड ओता, गार करा, वाफवायची गरजच नाही. साजूक तुपाचा भाजलेला ब्रेड असला की हे अंड्याच्या पुडिंगपेक्षा कमी वाटत नाही, आमच्याकडे पाहुण्यांना मी हेच करते.

प्रश्न: साखरेऐवजी गूळ घातला तर दूध फाटलं. गुळाचं पुडिंग होतच नाही का?
– एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर: होतं, पण गूळ किंचित आंबट असतो आणि उकळत्या दुधात पडला की दूध फाटतं. गूळ दुधात घालूच नका. पुडिंग निम्म्या साखरेचं करा आणि वरून गुळाचा पाक द्या: अर्धी वाटी चिरलेला गूळ, पाव वाटी पाणी, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ, दोन उकळ्या आणून गाळून घ्या. पाक गार झाला की वाढताना ओता, संक्रांतीच्या दिवसांत मी त्यावर भाजलेले तीळही भुरभुरवते.